दादाची फुंकर

सन एकोणीसशे ब्याण्णव. मी तवा चोवीस वर्षांचा. लोक सोळा-अठराला वयात येतात म्हणे. मेंढरामागं फिरणाऱ्याला त्याचं वय कोण विचारतं? मला विचाराल तर मी मोठा झालो तो त्याच साली, हिंगोलीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, टीव्हीपुढं बसून. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. शाळा माझी दुसरीतच सुटली, अक्षर वाकडं हाय, तरी हे मी सोता लिहून राहिलो. चुलतभावाची नात म्हणली होती, "आबा, तुमी सांगा, मी टाईप करते." म्हणलं, तुझं मशीन माझी बोली दुरुस्त करतं. दुरुस्त करायला ती काही मोडलेली न्हाई.

गाव आमचं साखरा. बा मेंढरं राखायचा, मीही त्याच्यामागं. माझा थोरला भाऊ दगडू, त्याला मी दादा म्हणायचो, त्याला मात्र मेंढराचा वास सोसायचा न्हाई. तो हैदराबादेला बांधकामावर गेला आणि तीन-चार वर्षांनी परत आला तो डोक्यावर टीव्ही घेऊन. बरोबर एक पेटी. पेटीत टीव्ही गेमच्या दोन मशीन आणि कॅसेटी. बा म्हणला, "मेंढपाळाचं पोरगं आता बटनं दाबून पोट भरणार." दादा नुसता हसला. त्यानं हिंगोलीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढं दुकान, मागं घर. स्वैपाकाला मायला नेलं, आणि मेंढरं बापावर टाकून मलाही बोलावून घेतलं, काहून तर गर्दी आवरायला माणूस पायजे होता. गर्दी खरंच व्हायची. कॉलेजची पोरं, डेपोतले कंडक्टर, मोंढ्याच्या धान्यबाजारातले हमाल. सुटी झालेला एक ड्रायव्हर तर खाकीतच येऊन बसायचा आणि पडद्यावरची मोटार धडकली की म्हणायचा, "माझी सोताची कधी धडकली न्हाई." मागच्या खोलीत माय भाकरी थापायची. भाकरीची थप थप, चुलीचा धूर, पुढून गेमचं पिपाणीवानी गाणं, आणि माघ-फाल्गुनात सगळ्या शिवारातून येणारा हळद शिजल्याचा वास. अजून तो वास आला की माझ्या कानात ते गाणं वाजतं. गाणं लावायला लागत न्हाई.

दादाला इंग्रजी येत नव्हतं, मला तर मराठीही धड न्हाई. कॅसेटीवरची नावं आमच्या काय कामाची? आणि दोन मशीनच्या कॅसेटी येगळ्या. एकीची दुसरीत जायची न्हाई, जोर केला तर मशीनचं तोंड मोडायचं. दादानं घरचाच इलाज केला. कळपात आपली मेंढरं वळखू यावी म्हणून आमी पाठीवर गेरूचा ठिपका देतो, तसा त्यानं कॅसेटींना दिला. पांढऱ्या मशीनच्या त्या मेंढ्या, त्यांना गेरू. काळ्या मशीनच्या त्या शेळ्या, त्यांना काजळी. मारामारीच्या एका फळीवर, मोटारीच्या दुसऱ्या, पळायच्या-उड्यांच्या तिसऱ्या. सांजच्याला दुकान आवरताना तो मायला ओरडून सांगायचा, "माय, मेंढरं वाड्यात आली गं." एकच कॅसेट कुठल्या फळीवर नसायची. तिला त्यानं लोकरीचा काळा धागा बांधला होता. ती त्याची सोताची. तिच्यात एक बुटका माणूस पाठीवर गाठोडं घेऊन चालतो, काटे वलांडतो, खड्डे वलांडतो, चालत राहतो. तिचं नाव काय ते आमाला कधी कळलं न्हाई.

आणि फुंकर. त्या काळातल्या कुणालाही विचारा. कॅसेट मशीनमधी घालायच्या आधी तिच्या फटीत फुंकर मारावी लागायची, मगच पडद्यावर चित्र यायचं. न्हाईतर नुसत्या मुंग्या. दादाची फुंकर बराबर लागायची. लोक कॅसेट त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "दगडूशेठ, जरा जीव घाला हिच्यात."

आता नातीच्या डब्याला फुंकर लागत न्हाई. वैष्णवी हिंगोलीतच कम्प्युटर शिकती. दिवाळीत तिनं एक डबा आणला, चुन्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा. टीव्हीला जोडला की जुन्या काळच्या सगळ्या मशीन त्याच्यात. म्हणजे मशीन न्हाईत, मशीनचं सोंग. बहुरूपी कसा, आत्ता पोलीस, घडीत बैरागी, तसा हा डबा आत्ता पांढरी मशीन, घडीत काळी. पण तिनं सगळे गेम एकाच खान्यात कोंबले होते. मी म्हणलं, हे काय, बाजार भरवलास का? ती म्हणली, "लावायचंच हाय, आबा. ज्या मशीनचा गेम त्या मशीनच्या खान्यात टाकायचा, न्हाईतर डब्याला कळत न्हाई कोणतं सोंग घ्यायचं." म्हणलं, हे तू मला शिकवतीस? सर तिकडं. मग आमी बसलो. ती चित्र दाखवायची, मी सांगायचो, मेंढी, शेळी, मेंढी. ती म्हणली, "आबा, ह्यात लई प्रकारच्या मशीन हायेत, दोनच न्हाईत." म्हणलं, मग गाई कर, म्हशी कर, उंट कर. पण मेंढीत शेळी नको. तिनं खरंच तशी नावं दिली. तिच्या मैत्रिणी येतात त्या उंटाचा खाना उघडतात आणि हसतात. आमी त्या कामाला बसलो ते काहून, हे तिला आधी माहीत नव्हतं. मला त्या ढिगात एकच कॅसेट शोधायची होती.

दादाला कावीळ झाली तवा बाहेर हळदीचाच हंगाम होता. डोळे पिवळे, नखं पिवळी. मायनं घरातली हळद उचलून शेजारणीला देऊन टाकली. वरण पांढरं, पिठलं पांढरं. सेनगावाकडच्या एका म्हाताऱ्यानं काड्यांची माळ दिली. डोक्यात घालायची, कावीळ उतरंल तशी ती लांब होत खाली येती. माळ खरंच उतरली. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीला टेकली. माय म्हणली, उतरली कावीळ. डॉक्टर म्हणला, नांदेडला न्या. आमी माळीकडं बघत बसलो.

त्या दुपारी दादाला बरं वाटत होतं. म्हणला, जरा खेळतो. दुकान बंद होतं. त्यानं धाग्याची कॅसेट घेतली, फटीत फुंकर मारली, लई हळू, दिवा विझणार न्हाई इतकी, तरी चित्र आलं. बुटका माणूस चालायला लागला. पहिले काटे गेले. मग पहिलाच खड्डा आला. तो खड्डा म्हणजे दादाला खेळ होता, डोळे झाकून वलांडायचा. त्याची एक लकब होती. उडीच्या आधी तो माणूस थांबवायचा, तळहात मांडीला पुसायचा, मग उडी. त्या दिवशी तो थांबला, हात पुसला, आणि माणूस खड्ड्यात गेला. टुंई करून सूर खाली उतरला. दादा म्हणला, "आज पाय उचलंना गं माय." खेळायचा रिमोट खाली ठेवला. "थोडा पडतो." पडला तो पडला.

मशीन बंद करायचं कुणाला सुचणार?

दहाव्याला कयाधूच्या काठावर पिंड ठेवला. कावळे होते, बाभळीवर होते, पण शिवंनात. हे ज्यानं बघितलं त्यालाच कळतं. ऊन चढत जातं. चुलते पुढं होऊन बोलले, "म्हाताऱ्यांची काळजी करू नकोस, आमी हाय." कावळा हालला न्हाई. बा म्हणला, "मेंढरं मी बघतो, दुकान तुझा भाऊ बघंल." न्हाई. माय पाठमोरी बसली होती. मग मी पुढं झालो. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. म्हणलं, "दादा, तुझा गेम अर्धा ऱ्हायला. मी पुरा करतो." आणि कावळा उतरला. एकच उतरला, एक शित घेतलं. सगळ्यांनी बघितलं. मायनंही मान वळवून बघितलं.

घरी आलो तर मशीन चालूच होती. दहा दिवस मायनं बंद करू दिली नव्हती, मी मात्र त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. भर दुपारची येळ, गल्लीत कुत्रंही न्हाई, आणि बंद दुकानाच्या अंधारात टीव्हीचा उजेड. आत गेलो, तर बुटका माणूस चालून राहिला होता. रिमोट भुईवर पडलेला. कुणाचा हात न्हाई. माणूस चालला, त्यानं काटे वलांडले, खड्ड्यापाशी आला. थांबला. एक श्वास घ्यावा इतका थांबला. मग खड्ड्यात गेला. टुंई. पडदा काळा झाला, गाणं वाजलं, आणि तो परत पहिल्यापासून चालायला लागला. माझ्या अंगावर काटा आला तो अजून खाली बसला न्हाई.

माय आमच्या आधी येऊन भिताडाला टेकून बघत होती. म्हणली, "तो गेल्यापासून चालतोय. तिथंच पडतोय."

तवापासून तिनं दुकान उघडू दिलं न्हाई. कॅसेट मशीनमधून काढायची न्हाई, काहून तर शेवटची फुंकर दादाची. "त्याचा वारा हाय त्यात. काढली तर जाईल. तुमी कुणी फुंकली तर तुमचा वारा जाईल आत, त्याचा निघंल." आणि जेवायची न्हाई. ताट वाढून पुढं घेऊन बसायची, माणूस खड्ड्यापाशी आला की घास हातात धरायची, आणि टुंई झालं की घास परत ताटात. "आज वलांडंल. वलांडला की जेवते." चहावर होती. गळ्यातली पोत सैल होत चालली. लाईट गेली की उठायची, लाईट आली की परत बसायची. रात्री मी बटन बंद करायचो तर म्हणायची, "झोपला का? झोपू दे."

मी मूर्ख नव्हतो. माय झोपल्यावर काळी मशीन टीव्हीला लावली, तिच्या सगळ्या कॅसेटी घालून बघितल्या. हात लावला न्हाई तर प्रत्येकीत कुणी ना कुणी चालायला लागतं, मोटार पळायला लागती. गिऱ्हाईकाला दिसावं म्हणून मशीन आपणच खेळून दाखवती, एवढंच. मी मायला नीट सांगितलं. "माय, समद्याच कॅसेटी असं करतात." मायनं माझ्याकडं बघितलंही न्हाई. म्हणली, "समद्यात कुणी ना कुणी असलंच की."

आणि त्या थांबण्याचं काय? दुसऱ्या कुठल्या कॅसेटीत कुणी खड्ड्यापाशी थांबत नव्हतं.

मंगळवारच्या बाजाराला बा आला. मायला बघून दारातच थबकला. मला बाहेर घेऊन म्हणला, "ही जाईल अशानं. फोड ते टीव्ही." मी म्हणलं, तुमी फोडा. तो आत गेला, एकदा सगळं बघितलं, चालणं, काटे, थांबणं, पडणं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं आता हाणतो लाथ. तर तो मायशेजारी बसला आणि म्हणला, "पोराची गत बरी दिसत न्हाई."

"व्हय," माय म्हणली.

"त्याच्यानं एकल्यानं व्हायचं न्हाई. आजारी हाय ते. धाकल्यानं कावळ्याला शब्द दिलाय. शब्द मोडला तर दगडू असाच पडत ऱ्हाईल. धाकल्याला धरू दे त्याचा हात."

मायनं पडद्यावरची नजर काढली. मग म्हणली, "कॅसेट काढायची न्हाई."

"न्हाई."

"फुंकायची न्हाई."

"न्हाई. नुसतं बटन दाबंल ते."

मी रिमोट उचलला. माझे अंगठे काठी धरून राठ झालेले, बटनावर बसतच नव्हते. गर्दी आवरायचो मी, खेळलो कधी न्हाई. पहिल्याच काट्यात गेला. मायनं माझ्या दंडाला धरलं. "हळू. अंगात ताप हाय त्याच्या." परत. परत काट्यात. बा म्हणला, "दुसरी शिकलं असतास पुरी तर आलं असतं." हे तो मुद्दाम बोलला, मला जरा सैल करायला. माय ताट पुढं घेऊनच बसली होती. काटे गेले. खड्डा आला, आणि घाईनं उडी मारली ती अर्ध्यातच. टुंई. मायनं हातातला घास ताटात ठेवला. परत तसंच. परत घास ताटात. तो आवाज मी कसा सोसला ते माझं मला माहीत.

बा म्हणला, "इकडं बघ. मेंढरू नाला वलांडंना तर काय करतोस? हाणतोस का मागून?"

"न्हाई."

"मग?"

"थांबतो. पाणी हुंगू देतो त्याला."

"मग?"

"मग हाळी देतो."

"मग हे काय येगळं हाय?"

मी माणूस चालवत आणला. काटे गेले. खड्ड्यापाशी थांबवला. हात घामानं निसटत होता, म्हणून तळहात मांडीला पुसला. पुसल्यावर कळलं आपण काय केलं ते. मायनं ते बघितलं. आणि मागून बानं हाळी दिली, नाल्याच्या काठावर देतो तशी, "हुर्र हाऽऽ!" त्या एवढ्याशा खोलीत पत्रे वाजले. माझा अंगठा आपोआप दबला. बुटका माणूस उडाला, गाठोड्यासकट उडाला, आणि पल्याड उभा ऱ्हायला.

मी पुढं चालवणार तर माय म्हणली, "बस. ठेव खाली. पोचला तो." म्हणलं, माय, अजून गेम लई हाय पुढं, मी शब्द दिलाय. ती म्हणली, "दमलाय. उभा राहू दे." रिमोट माझ्या हातातून घेऊन तिनं भुईवर ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. मग शेजारणीकडं गेली, वाटीभर हळद मागून आणली, आणि चुलीवर वरण टाकलं. पिवळं वरण. आमी तिघं जेवलो. मायनं भाकर चुरून खाल्ली, वर लसणाची चटणी मागितली. पुढच्या खोलीत माणूस पल्याड उभा होता. गाणं तेवढं वाजत होतं.

कावळ्याला दिलेला शब्द मी अजून पुरा केलेला न्हाई. वैष्णवी म्हणते, ह्या डब्यात करा की पुरा, आता काय अवघड हाय. करणार न्हाई. मायनं थांब म्हणलं, थांबलो. बाकी काय ते दादा आणि मी वर गेल्यावर बघू. तो गेम मात्र आमाला सापडला, मेंढ्यांच्या खान्यात, तळाला. मी चित्रावरून वळखला. हात न लावता चालू सोडायला लावला. बुटका माणूस चालला, काटे वलांडले, खड्ड्यापाशी आला आणि थांबला न्हाई. सरळ आत. तिनं त्याच गेमच्या दुसऱ्या प्रती काढल्या. कुठल्यातच थांबत न्हाई. ती म्हणली, "आबा, तुमची नक्कल कॅसेट असंल, येगळी असंल, किंवा मशीन जुनी म्हणून अडकत असंल." असंल. मग तिनं सोताच तो खड्ड्यापल्याड नेला आणि तिथल्या तिथं जतन केला. म्हणली, "आता लाईट जाऊ दे न्हाईतर काही होऊ दे, हा पल्याडच ऱ्हाईल." मी लई येळ बघत ऱ्हायलो. हे मायला दाखवायला पायजे होतं. पण तो दादा न्हाई. तो दुसऱ्या कुणाचा तरी दादा हाय, त्याच्या मायला बरं वाटू दे. आमची कॅसेट माझ्या पेटीत हाय, मायच्या लुगड्याच्या तुकड्यात, धाग्यासकट. तिच्यात कुणी फुंकलेलं न्हाई.

तवा मात्र असं जतन करणं नव्हतं. त्या दिवशी सांजच्याला, जेवणाची भांडी घासून होत न्हाईत तोच लाईट गेली. पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका ऱ्हायला, बारीक होत गेला, गेला. मायच्या हातातली थाळी तशीच ऱ्हायली. बानं चिमणी लावली. मला माहीत होतं, बालाही माहीत होतं, लाईट आली की तो परत अल्याड असणार.

सकाळी उठलो तर लाईट आली होती. बा पहिल्या गाडीनं साखऱ्याला गेलेला. माय चहा पिऊन बसली होती, भाकर टोपल्यात झाकलेली, डोळे पडद्यावर. माणूस चालून राहिला होता. टुंई. मी आंघोळ केली, डोकं पुसलं, टीव्हीपुढं बसलो. "माय, ताट घे," म्हणलं. तिनं घेतलं. काटे नेले. खड्ड्यापाशी थांबवला, तळहात मांडीला पुसला. हाळी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मीच दिली. मायनं भाकर मोडली. मग मी उठून दुकानाची फळी उघडली.